सांध्यांतला संशय

घरांत कांहीं बिघडूं लागलें म्हणजे त्याची पहिली वार्ता मोठ्या आवाजानें येत नाहीं. छप्पर गळूं लागण्यापूर्वीं भिंतीवर रुपयाएवढा ओला डाग उमटतो; दाढ ठणकण्यापूर्वीं चार दिवस गार पाणी झोंबूं लागतें. हा डाग बहुधा घरांतल्या एकाच माणसाच्या दृष्टीस प्रथम पडतो, आणि तेथून त्या माणसाची परीक्षा सुरू होते. बोलावें, तर उगीच घबराट केल्याचा दोष येतो. न बोलावें, तर उशीर केल्याचा. गेल्या ज्येष्ठांत ही परीक्षा देण्याची पाळी आमच्यावर आली, आणि प्रांजळपणें सांगावयाचें तर आम्ही तींत नापास झालों. निमित्त होतें आमच्या माशांच्या पेटीचें.

पुण्यांतल्या एका जुन्या पेठेंत आमचें दुमजली घर आहे. खालीं दगडी जोतें आणि शहाबादी फरशी. वर सागवानी तुळयांवर घातलेली माडी. घरांत आम्ही दोघे भाऊ, दोघांचीं कुटुंबें, चार मुलें, आणि सर्वांवर छत्र धरून बसलेल्या आमच्या मातोश्री. दहा वर्षांपूर्वीं आम्हीं माडीवरच्या आमच्या खोलींत तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी कांचेची पेटी आणून तींत चार सोनेरी मासे सोडले. वडीलबंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणतें, त्याच दिवशीं म्हणाले होते, "अरे, एवढें ओझें माडीवर कशाला? खालीं ओसरीवर ठेव." आम्हीं तें मनावर घेतलें नाहीं. वहिनींनीं तर शाकाहारी घरांत मासे येणार म्हणून नाकच मुरडलें. तेव्हां निवाडा केला तो आईनें. ती म्हणाली, "मासा पानांत येत नाहीं, पाण्यांत येतो आहे. मनूनेंसुद्धां पाळलाच होता कीं!"

शतपथ ब्राह्मणांतली ती कथा वाचकांस ठाऊक असेलच. हातपाय धुण्याच्या पाण्यांत मनूच्या हातीं एक इवला मासा लागला. मनूनें तो आधीं घागरींत ठेवला, मग खड्ड्यांत, आणि अखेर समुद्रांत नेऊन सोडला. मासा वाढत गेला व भांडें प्रत्येक वेळीं अपुरें पडलें. परंतु मनूचें भांडें कधीं फुटलें नाहीं, कारण त्यानें तें वेळेवर बदललें. कथेंतला हा भाग त्या वेळीं आमच्या ध्यानांत आला नाहीं.

ज्येष्ठांतल्या एका सकाळीं पेटीचें पाणी बदलतांना समोरच्या कांचेच्या तळाशीं, डाव्या कोपऱ्यांत, सांध्यामध्यें दोन बोटें लांबीची एक पांढुरकी रेघ दिसली. सांधा काळा, त्यांत ही रेघ रुपेरी चकाकत होती. बोटानें चांचपून पाहिलें, तर बोट कोरडेंच राहिलें. मात्र त्याच्या खालीं, लांकडी बैठकीच्या कडेवर, क्षारांची पातळ पांढरी साय धरली होती. पाणी जेथून अगदीं मुंगीच्या पावलांनीं झिरपतें आणि बाहेर येतां येतां उडून जातें, तेथें तें आपल्यामागें क्षार ठेवून जातें. कोरड्या जागेवर पाण्याची ही सही होती.

येथें पेटी कशी जोडलेली असते, हें थोडें सांगावयास हवें. वनस्पति, मासे आणि गोगलगाई यांचा समतोल राखून बंद भांड्यांतलें पाणी पुष्कळ काळ निर्मळ ठेवतां येतें, हें लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञानें १८५० सालीं मांडलें. आणि १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकानें 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघरीं पोंचविला. त्या काळच्या पेट्या लोखंडी चौकटींत कांचा बसवून लांबीनें बुजविलेल्या असत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिलिकोन आलें आणि चौकट गेली. आतां पांच कांचा केवळ कडेला कड लावून चिकटविलेल्या असतात. त्यांना धरून ठेवणारा खिळा नाहीं, स्क्रू नाहीं, पट्टी नाहीं. कांच वाळूपासून होते आणि सिलिकोनच्या मुळाशींही वाळूच असते. सिलिकॉन व प्राणवायु यांचीच सांखळी दोघांच्या अंगीं. म्हणजे दोघेही सगोत्र. विवाहांत सगोत्र वर्ज्य असेल. येथें मात्र तें सगोत्र असल्यामुळेंच एकमेकांस इतकें घट्ट धरतात.

या सांध्याचे भाग दोन. कांचेच्या दोन कडांमधला पातळ थर हा खरा भार वाहणारा. आंतल्या कोपऱ्यांत बोटानें ओढलेली जी जाड रेघ दिसते, ती त्याचें रक्षण करणारी. आंतल्या रेघेला शेवाळ खरवडतांना पातें लागलें, तर ती कांठाशीं उकलते. तेवढ्यानें पेटी फुटत नाहीं. परंतु कडांमधला थर कांचेपासून सुटूं लागला, म्हणजे मध्यें हवेचा पापुद्रा शिरतो आणि काळा सांधा रुपेरी दिसूं लागतो. सांध्यांत एखादा सुटा बुडबुडा असणें हें पुष्कळदां जन्मजात असतें व निरुपद्रवी असतें. बुडबुडे एकमेकांस मिळून आंतल्या कडेपासून बाहेरच्या कडेकडे वाट काढूं लागले, तर मात्र ती निराळी गोष्ट.

आणि त्या सांध्यावर भार किती? आमच्या पेटींत सुमारें १८० लिटर पाणी. दगड, वाळू आणि कांच मिळून सारें ओझें अडीचशें किलोच्या घरांत जात होतें. पाण्याचा दाब भांड्याच्या लांबीरुंदीवर नसून केवळ खोलीवर अवलंबून असतो, हें डच पंडित सायमन स्टेव्हिन यानें १५८६ सालींच सांगून ठेवलें आहे. पाण्याची खोली ४२ सेंटीमीटर धरली, तर तीन फुटी कांचेला बाहेर ढकलणारा जोर सुमारें ८० किलो होतो. म्हणजे एक धट्टाकट्टा गृहस्थ त्या कांचेला आंतून रात्रंदिवस रेटीत उभा आहे, असें समजावें. आणि हा गृहस्थ दहा वर्षांत एकदांही विसांव्याला बसलेला नाहीं.

हा हिशेब आम्हीं त्याच दुपारीं कागदावर मांडला, आणि कागद खिशांत घातला. कोणास सांगितलें नाहीं.

कां सांगितलें नाहीं? त्या वेळीं आम्हीं स्वतःला पुष्कळ कारणें दिलीं. दिवस दमट होते. पाणी हवेपेक्षां गार असलें म्हणजे कांचेच्या बाहेर बाष्प जमतें, तेंच ओघळलें असेल. मुलें हात घालतात, थेंब उडाले असतील. संशय तो संशय. खात्री झाली कीं सांगूं. आम्हीं कांहीं चोरट्या परीक्षाही केल्या. सांध्याखालीं वर्तमानपत्राचा कोरडा कागद सरकवला. पाण्याच्या पातळीशीं कांचेवर खूण केली आणि शेजारीं एका रुंद पातेल्यांत पाणी भरून तेथेंही खूण केली. कारण उघडें पाणी दोन्हीकडे बहुधा सारख्याच वेगानें उडतें, आणि पेटीची पातळी अधिक उतरली तर बाकीचें पाणी सांध्यावाटे गेलें असें समजावयाचें. तीन दिवसांत पेटी पातेल्यापेक्षां दोन दोरे अधिक उतरली, आणि कागदावर रुपयाएवढा डाग आला. तरीही आम्हीं मनाशीं म्हटलें, खूण करतांना हात हलला असेल.

खरें कारण निराळें होतें. आमच्या खोलीच्या बरोबर खालीं माजघर आहे, आणि माजघरांत आईचा पलंग असतो. "ओझें माडीवर नको" हें दादांचें वाक्य दहा वर्षांनीं खरें ठरत होतें. आणि तें खरें ठरल्याचें त्यांना सांगण्यापेक्षां आम्हीं आणखी दोन दिवस वाट पाहणें पसंत केलें. शिकल्यासवरल्या माणसाचा अहंकार केवढ्याशा फटींत लपून राहूं शकतो, पाहा!

अगदींच हातावर हात ठेवून बसलों नाहीं. पांचव्या दिवशीं पेटींतलें एक-तृतीयांश पाणी काढून टाकलें. कांचेवरचा एकूण जोर खोलीच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. खोली दोन-तृतीयांश केली, तर जोर निम्म्याहूनही खालीं येतो. आमच्या पेटींत तो ८० वरून ३६ किलोंवर आला. सांध्याचा संशय येतांच पहिला उपाय हाच, हें वाचकांनींही ध्यानांत ठेवावें. मुलीनें विचारलें, "बाबा, पाणी एवढें कमी कां?" आम्हीं म्हटलें, "माशांना उथळ पाणी आवडतें." मुलांशीं खोटें बोलणें सोपें असतें, असें मोठ्यांना वाटतें. आणि त्याच संध्याकाळीं खालीं जाऊन आईचा पलंग भिंतीकडे चार हात सरकवला. आई म्हणाली, "हें काय आणखी?" आम्हीं म्हटलें, "येथें वारा चांगला लागतो."

अकराव्या रात्रीं पाऊस कोसळला. दोनच्या सुमारास थेंब थेंब आवाज आला आणि आम्ही दचकून उठलों. पाहतों तों पागोळी फुटक्या पन्हळींतून खिडकीच्या पत्र्यावर पडत होती. पेटी होती तशीच होती. सोनेरी मासे तळाशीं निश्चल होते. पण पुन्हां झोंप येईना. आम्ही खालीं गेलों. माजघरांत मंद दिवा होता आणि आई पलंगावर उठून बसलेली होती.

"पेटी गळते का रे?" तिनें विचारलें.

आम्हांस बोलवेना. क्षणभरानें म्हटलें, "तुला कोणीं सांगितलें?"

"माझा पलंग हलवलास तेव्हांच समजलें. वाऱ्यासाठीं म्हणालास, पण पंखा तर होता तेथेंच आहे."

"मग तूं बोलली कां नाहींस?"

"तूं केव्हां सांगतोस तें पाहत होतें." मग थोडें थांबून ती म्हणाली, "माझा पलंग तेवढा बाजूला घेतलास, तें बरें केलेंस. पण दुपारीं त्याच जागीं चारी मुलें पत्ते खेळत बसतात. तें नाहीं आलें तुझ्या ध्यानांत?"

वाचकहो, या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. त्या अकरा दिवसांत ती जागा आम्हीं दोनदां मोजली होती. परंतु मोजली ती रात्रीची. ज्याचा संशय एकट्याजवळ असतो, त्याला सावधगिरीही एकट्यापुरतीच सुचते. तो आपल्या नजरेंत येईल तेवढा धोका दूर करतो आणि समजतो कीं धोका संपला. तेंच चार जणांना सांगितलें असतें, तर त्या चारांतल्या एकानें तरी म्हटलें असतें, "आणि मुलें कोठें बसतात?"

सकाळीं चहाच्या वेळीं आम्हीं सर्वांसमोर सारें सांगितलें. दादा काय बोलतील ही धास्ती होती. ते उठले, वर गेले, सांध्याशीं डोळा लावून पाहिलें, आणि एवढेंच म्हणाले, "आज रविवार आहे. रिकामी करून टाकूं." दहा वर्षांपूर्वींच्या वाक्याचा त्यांनीं उच्चारही केला नाहीं. तो केला असता, तर आम्हांस बरें वाटलें असतें.

मग घर कामाला लागलें. वहिनी घाईघाईनें तांब्याचें मोठें घंगाळ घेऊन आल्या. "भावजी, यांत मावतील ना?" आम्हीं हात जोडून तें परत केलें, कारण तांब्याचा अंश पाण्यांत उतरला, तर तो माशांना विषासारखा बाधतो. शेवटीं प्लॅस्टिकचा मोठा टब आला. त्यांत पेटींतलेंच जुनें पाणी भरलें, हवेचा पंप लावला आणि मासे सोडले. गाळणीचा स्पंज नळाखालीं धुण्यास मुलें निघालीं होतीं, त्यांना अडवावें लागलें. माशांच्या मलमूत्रांतून अमोनिया तयार होतो. त्याचें कमी विषारी क्षारांत रूपांतर करणारे सूक्ष्म जंतु त्या स्पंजांत व वाळूंत वस्ती करून असतात. नळाच्या पाण्यांतला क्लोरीन त्यांना मारतो, आणि स्पंज वाळला तरी ते मरतात. म्हणून स्पंजही टबांत माशांबरोबर गेला. घर हलवितांना भांडींकुंडीं नेतात, पण दिसत नाहींत अशा कांहीं गोष्टीही नेणें जरूर असतें.

पेटी रिकामी झाल्यावर दादांनीं गवंड्याकडून पाणसळ मागवून बैठकीवर ठेवली. डावा पुढचा कोपरा उजव्यापेक्षां खचलेला निघाला. दोन तुळयांच्या मधली फळी दहा वर्षांच्या ओझ्यानें किंचित् वांकली होती. पेटीची बैठक सपाट नसली, म्हणजे कांचेला पीळ पडतो आणि तो पीळ सोसतो सांधा. आम्ही सांध्याला दोष देत होतों. दोष होता त्याला जेथें उभें केलें, त्या जागेचा, आणि जागा निवडणाऱ्याचा.

पेठेंतला कांचवाला बोलावला. त्यानें पातळ तारेनें समोरची कांच कापून वेगळी केली. डाव्या कोपऱ्यांत चार बोटें लांबीचा थर कांचेपासून पुरता सुटलेला निघाला. आठ मिलिमीटर रुंदीपैकीं जेमतेम दोन मिलिमीटर काय ते धरून होते. आम्हीं विचारलें, "आणखी किती दिवस टिकली असती?" तो म्हणाला, "दहा वर्षंबी टिकली असती, साहेब, नाय तर काल रात्रीच गेली असती. मी काय सांगू?"

हें उत्तर आम्हांस प्रथम उडवाउडवीचें वाटलें. पण तें तसें नाहीं. बर्लिन शहरांत 'ॲक्वाडोम' नांवाचें सुमारें दहा लक्ष लिटर पाण्याचें एक प्रचंड मत्स्यालय होतें. १६ डिसेंबर २०२२ रोजीं पहाटे तें एकाएकीं फुटलें. त्यांत सुमारें दीड हजार मासे होते, त्यांतले बहुतेक मेले. तीं माणसांच्या वर्दळीची वेळ नव्हती, म्हणून जखमी झालीं तीं दोनच माणसें. तज्ज्ञांनीं तुकड्या-तुकड्यांची तपासणी केली. चिकटविलेला जोड सुटला असावा, हें त्यांच्या अनुमानांपैकीं एक. परंतु निश्चित असें एकच कारण त्यांनाही सांगतां आलें नाहीं. जेथें विद्वानांना मागाहूनही सांगतां येत नाहीं, तेथें खात्री झाल्यावर बोलूं असें म्हणत बसणारे आम्ही कोण? सांध्याच्या बाबतींत खात्री होते ती पाणी जमिनीवर आल्यावरच.

एक सांधा थकला, म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे. म्हणून पांचही कांचा सोडवून पेटी नव्यानें जोडावयाचें ठरलें. येथें एक गोष्ट शिकावयास मिळाली. जुन्या सिलिकोनवर नवें सिलिकोन नीट धरत नाहीं. वरून कितीही जाड लेप द्या, तो कांहीं दिवसांनीं सालीसारखा निघून येतो. जुनें सारें पात्यानें खरवडून, कांच स्पिरिटनें पुसून, बोटाचा डागही न ठेवतां मगच नवें लावावें लागतें. दादा आणि आम्ही दोन संध्याकाळ समोरासमोर बसून कांचा खरवडीत होतों. दुसऱ्या संध्याकाळीं आम्हीं म्हटलें, "दादा, तुमचें त्या वेळीं ऐकायला हवें होतें." ते मान वर न करतां म्हणाले, "आणि मीं तेव्हां एकदांच सांगून गप्प बसायला नको होतें." दहा वर्षांत या विषयावर आम्ही एवढेंच बोललों, पण कांच स्वच्छ झाली.

सिलिकोन घेतांना तें माशांच्या पेटीसाठींच आहे ना, हें पाहावें. न्हाणीघरासाठीं मिळतें त्यांत पुष्कळदां बुरशीनाशक द्रव्य असतें आणि तें माशांना मारक ठरतें. लावल्यावर दोन दिवस त्याला शिरक्यासारखा आंबट वास येत होता. "कोणीं शिरक्याची बाटली फोडली काय?" म्हणून वहिनी घरभर शोधून आल्या. हवेंतला ओलावा घेऊन तें वाळतें, त्यामुळें पावसाळी हवा त्याला मानवली. तरी आम्हीं आठ दिवस थांबलों. मग ओसरीवर कोऱ्या वर्तमानपत्रांवर पेटी ठेवून पहिल्या दिवशीं पाव, दुसऱ्या दिवशीं अर्धी, तिसऱ्या दिवशीं पूर्ण भरली, आणि पुढें आठवडाभर कागद पाहिले. कागद कोरडे राहिले.

आतां पेटी माडीवर नाहीं. माजघरांत, शहाबादी फरशीवर, पाणसळीनें पारखून घेतलेल्या बैठकीवर, आईच्या पलंगासमोर आहे. खालीं थर्मोकोलचा जाड तक्ता आहे आणि पुढच्या कडेला एक वर्तमानपत्राची घडी. ती घडी रोज सकाळीं पाहण्याचें काम आमच्या मुलीनें आपण होऊन घेतलें आहे. ती कागद हातांत घेऊन स्वयंपाकघरापर्यंत ऐकूं जाईल अशा आवाजांत सांगते, "कोरडा!" त्यावर आई पलंगावरून विचारते, "नीट पाहिलास ना?" आणि मुलगी पुन्हां एकदां वांकून पाहते.

पेटी नवी आहे, सांधे नवे आहेत, जागा पक्की आहे. तरीही आम्हीं ती घडी काढूं दिलेली नाहीं. कागद ओला होईल ही भीति त्यांत फारशी नाहीं. परंतु ज्या दिवशीं तो होईल, त्या दिवशीं तें घरांतल्या सर्वांना एकाच वेळीं कळेल, एवढी सोय मात्र त्यांत आहे.